रविवारचे दोन श्वास

शाळेतली मुलं त्यांना बाटलीकाका म्हणत, आणि नव्याने आलेल्या प्रत्येक शिक्षकाचा त्यावरून हटकून गैरसमज होई. वास्तविक आयुष्यात दारूचा थेंब न चाखलेला हा माणूस. नाव पडलं होतं ते सहा छोट्या काचेच्या बाटल्यांवरून. काका शाळेच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. परीक्षानळ्या धुवायच्या, सूक्ष्मदर्शक पुसून कपाटात ठेवायचे, कानाचं मॉडेल उघडून मुलांच्या हाती द्यायचं आणि तास संपला की त्यातली तीन हाडं मोजून परत घ्यायची. त्यातलं एक हाड दरवर्षी कुणाच्या तरी खिशात सापडायचंच. असं तीस वर्षं चाललं होतं.

पण काकांचा खरा दिवस वर्षातून एकदाच उगवायचा, ज्ञानेंद्रियांचा धडा आला की. त्या दिवशी सहा बाटल्या भरायच्या. एकीत कॉफी, एकीत कांदा, एकीत लवंग, मग व्हिनेगर, लिंबाची साल आणि धुण्याचा साबण. वर कापूस, बाहेरून काळा कागद. मुलांनी डोळे मिटून हुंगायचं आणि ओळखायचं. दुसरा कुणी असता तर त्याने बाटली भरतानाच तिच्यावर नंबर चिकटवला असता. काका तसं करत नसत. ते सगळ्या बाटल्या भरून, गुंडाळून, टेबलावर इकडच्या तिकडे करून टाकत, मग डोळे मिटून एकेक नाकाशी धरत आणि वासावरून ओळखून नंबर लावत. त्या नंबरांची यादी विज्ञानाच्या बाईंना द्यायची. तीस वर्षांत यादी एकदाही चुकली नव्हती. शाळेचा शिपाई त्यांना चिडवायचा, काका नाकाने कांदे सोलतात म्हणून. काका म्हणत, सोलत नाही बाबा, नुसता ओळखतो.

तर असं नाक. आणि त्या नाकाला घरी एक काम होतं, ते शाळेत कुणाला ठाऊक नव्हतं.

काकांची बायको दीड वर्षापूर्वी गेली. ती घरीच शिवणकाम करायची. खिडकीपाशी मशीन, मशीनवर सतत कुणाची तरी पँट उसवलेली, आणि दाढ दुखते म्हणून गालात कायम एक लवंग. अंगात बाराही महिने एक तपकिरी स्वेटर. कोपरावर दोन ठिगळं होती त्याला. जगाची ठिगळं झाकायची आणि स्वतःची मिरवायची, असा तिचा कारभार. ती गेल्यावर बाकीचे कपडे वाटून टाकले. स्वेटर मात्र काकांनी घट्ट झाकणाच्या एका पत्र्याच्या डब्यात ठेवला, कारण त्याला तिचा वास होता. मशीनच्या तेलाचा, लवंगेचा, आणि त्या दोन्हींच्या खाली एक तिचा स्वतःचा, ज्याला नाव नाही.

आता इथे त्यांचं प्रयोगशाळेतलं शहाणपण आडवं आलं. तुम्हीआम्ही असतो तर स्वेटर उशाशी घेऊन झोपलो असतो. काकांनी मात्र तीस वर्षं ऐकलं होतं की वास म्हणजे हवेवरची जादू नाही, पदार्थच असतो. त्याचे बारीक कण सुटतात, हवेतून नाकात शिरतात, नाकाच्या पार वरच्या छताला जी ओलसर जागा आहे तिथे विरघळतात, आणि तिथल्या पेशी मेंदूला निरोप देतात. म्हणजे प्रत्येक श्वासाबरोबर स्वेटरातून ती थोडी थोडी कमी होणार. उघडाल तेवढी जाईल. म्हणून त्यांनी नेम केला. फक्त रविवारी, फक्त दोन श्वास, आणि झाकण बंद.

लेक त्याच शहरात सासरी होती. ती रविवारी यायची. पहिल्याच रविवारी तिने विचारलं, बाबा, मी घेऊ का? काकांनी तिला एक श्वास दिला. दोन नाही, एक. मग ती पुन्हा कधी मागायची नाही, नुसती दारात उभी राहून बघायची, आणि काकांनाही पुन्हा विचारायचं सुचलं नाही. दुःखात माणूस फार आपमतलबी होतो, हे काही चांगलं नाही, पण खरं आहे.

या वर्षी थंडी लवकर आली, असं काकांना वाटलं. आली नव्हती. लोक अर्ध्या बाहीच्या शर्टात फिरत होते आणि काका मफलर गुंडाळून. सकाळी उठवेना. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबावं लागे. आवाज घोगरा झाला, डोळ्यांखाली सूज आली, हाताची कातडी खरखरीत झाली. जेवणात मीठ कळे, साखर कळे, पण चव म्हणून जी काही असते ती नव्हती. यातल्या एकाही गोष्टीचं काकांना नवल वाटलं नाही. बायको गेल्यावर उठावंसं का वाटेल? ती नसताना घर गार लागणारच. आणि चवीचं म्हणाल, तर स्वतःच्या हातचं स्वतः खाणाऱ्याला कसली आलीय चव! झालं, सगळ्याला एकच उत्तर होतं आणि ते उत्तर इतकं खरं होतं की दुसरं शोधायची गरजच पडली नाही.

मग एका रविवारी त्यांनी डबा उघडला, पहिला श्वास घेतला, आणि काही नाही. दुसरा घेतला. लोकरीचा खरखरीत स्पर्श नाकाला झाला, बाकी शून्य. नेम मोडून तिसरा घेतला, चौथा घेतला, मग तोंडच खुपसलं. स्वेटर म्हणजे नुसता स्वेटर होता.

तेवढ्यात त्यांचं लक्ष झाकणाकडे गेलं, आणि त्यांना आठवलं की आज ते उघडताना जोर लागला नव्हता. झाकण नीट बसलेलं नव्हतं. घराची दुसरी किल्ली एकाच माणसाकडे होती.

लेक दुपारी आली. तिने चप्पल काढायच्या आत त्यांनी विचारलं. ती म्हणाली की हो, बुधवारी तिचा स्वतःचा वाढदिवस होता, काका शाळेत होते, तेव्हा ती येऊन गेली. डबा उघडला. किती वेळ? तिला सांगता येईना. स्वेटर अंगात घालून ती आईच्या मशीनपाशी बसली होती, बहुतेक तासभर.

तासभर! काकांच्या डोळ्यांपुढे तो तास उभा राहिला. उघडी खिडकी, वाहती हवा, आणि दीड वर्ष दोनदोन श्वासांनी जपलेलं सगळं भसाभस उडून चाललेलं. एरवी या माणसाने कधी कुणाला अरे म्हटलं नव्हतं. पण गरीब माणसाच्या तोंडून एकदाच निघतं आणि ते वर्मी बसेल असंच निघतं.

"तू तुझ्या आईला दुसऱ्यांदा घालवलंस," ते म्हणाले.

लेकीने त्यांच्यासाठी जेवणाचा डबा आणला होता. तो तिने ओट्यावर ठेवला, किल्ली त्याच्यावर ठेवली, आणि गेली. पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

तिसऱ्या रविवारी काकांनी तो स्वेटर धुतला. आता याला काय म्हणायचं? राग म्हणा, हट्ट म्हणा, स्वतःलाच शिक्षा म्हणा. ज्यात काही उरलं नाही ते जपायचं कशाला, असं त्यांचं चाललं होतं. बादलीत गरम पाणी घेतलं, साबणाची पूड दोन मुठी टाकली, तासभर भिजत घातला आणि चांगला खसखसून धुतला. चार पाण्यांतून काढला, वाळवला, घडी केली, परत डब्यात ठेवला. झाकण मात्र सवयीने घट्ट लावलं.

त्यानंतरच्या आठवड्यात ज्ञानेंद्रियांचा धडा आला.

काकांनी बाटल्या भरल्या, गुंडाळल्या, फिरवल्या, डोळे मिटले. पहिली बाटली नाकाशी धरली आणि थोडे थांबले. दुसरी धरली. त्यांना वाटलं, माल जुना निघाला. हल्ली कशातच दम नसतो, कॉफीत माती, लवंगेत काड्या. व्हिनेगर मात्र नाकात झोंबलं, कांद्याने डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे आपलं नाक ठीकच आहे, यात त्यांना शंका उरली नाही. उरलेल्या चार बाटल्यांना त्यांनी अंदाजाने नंबर लावले. तीस वर्षांच्या अनुभवावर माणूस अंदाज करू शकतो, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

विज्ञानाच्या बाई तशा तरुण. याच शाळेत शिकलेल्या, याच बाटल्या हुंगून मोठ्या झालेल्या. त्यांनी यादी हातात घेतली आणि वर्गाला एक नंबरची बाटली दिली. यादीत लवंग होती. सगळा वर्ग म्हणाला कॉफी. बाई हसल्या, म्हणाल्या नीट हुंगा. चार नंबरला यादीत साबण, वर्ग म्हणतोय लवंग. पाच नंबरला मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि अगदी अदबीने म्हणाली, की बाई, हा साबण आहे, कुणालाही कळेल.

बाईंनी स्वतः हुंगून पाहिलं. मग यादी घडी करून पर्समध्ये टाकली आणि वर्गाला सांगितलं की यादी लिहिताना त्यांच्याकडूनच गडबड झाली. काका मागे बेसिनपाशी उभे होते. त्यांनी नळ सोडला आणि धुतलेल्याच नळ्या पुन्हा धुवायला घेतल्या.

तास संपल्यावर बाईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं, डोळे मिटायला लावले आणि एकेक बाटली पुढे धरली. लवंग आहे की साबण? सांगता येईना. कॉफी आहे की नुसता कापूस? सांगता येईना. व्हिनेगर धरलं तसे काका घाईने म्हणाले, हे कळतंय, हे झोंबतंय. बाई म्हणाल्या, काका, झोंबणं वेगळं आणि वास वेगळा. झोंबल्याचा निरोप दुसऱ्याच नसेतून जातो, तो नाक मेलं तरी जातो. डोळ्यांत पाणी कांदा न हुंगताही येतं. हे मी मुलांना दरवर्षी सांगते, तुमच्यासमोरच सांगते.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. बाईंनी मग त्यांच्या गळ्यातल्या मफलरकडे पाहिलं, सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं, मनगट धरून घड्याळात बघत नाडी मोजली. नाडी मंद होती. त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे अंतःस्रावी ग्रंथींचा तक्ता होता. काका तो दर शनिवारी ओल्या फडक्याने पुसत. माणसाची आकृती, मेंदूखाली वाटाण्याएवढी पीयूषिका, आणि गळ्यात लाल रंगाचं फुलपाखरू, थायरॉइड.

"काका, या फुलपाखराला तुम्ही तीस वर्षं आंघोळ घातलीत," बाई म्हणाल्या, "आणि स्वतःच्या गळ्यातलं झोपलंय ते कळलं नाही तुम्हाला?"

मग त्यांनी समजावून सांगितलं. ही ग्रंथी रक्तात एक संप्रेरक सोडते. ते सगळ्या शरीराला सांगतं, किती वेगाने चालायचं, किती ऊब धरायची. ते कमी पडलं की सगळं मंदावतं. नाडी मंद, आवाज जड, कातडी कोरडी, उन्हातही थंडी. वरून पीयूषिका ओरडून ओरडून सांगते, सोड, सोड, पण गळ्याला सोडवतच नाही. आणि काही लोकांचा वासही यात जातो. हे सगळं रक्ताच्या एका तपासणीत कळेल आणि बहुतेक एका गोळीत भागेल. बाई हे आनंदाने सांगत होत्या, कारण बातमी तशी चांगलीच होती. काका मात्र ऐकत नव्हते. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट येऊन बसली होती. म्हणजे वास गेला नव्हता. वास होता. त्या रविवारी मी तोंड खुपसलं तेव्हाही तो तिथेच होता, आणि मी त्याला गरम पाण्यात दोन मुठी पूड टाकून धुतला.

बाईंना वाटलं काका आजाराच्या धक्क्याने रडताहेत. त्या म्हणाल्या, घाबरू नका, बरे व्हाल. काका हो म्हणाले.

रक्ताच्या तपासणीत बाई म्हणाल्या तेच निघालं. डॉक्टरांनी गोळी दिली, सकाळी उठल्याउठल्या उपाशीपोटी घ्यायची, चहा अर्ध्या तासाने. वासाचं काय, असं काकांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, महिने लागतील, खात्री देत नाही.

त्या संध्याकाळी काकांनी लेकीला फोन केला. ती लगेच आली. काकांनी तिला नाकाचं सांगितलं, गळ्याचं सांगितलं, तुझी काही चूक नव्हती बाळा, असं सांगितलं. माझ्या तोंडाला आग लागो, असंही म्हणाले. लेकीने त्यांचा हात धरला. एवढं सगळं बोलले, पण स्वेटर धुतल्याचं काही तोंडातून निघेना. तीनदा सुरुवात केली, तीनदा गोळीचंच बोलणं काढलं. शेवटी त्यांनी डबा आणून तिच्या मांडीवर ठेवला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत बसले. स्वतःला हुंगता येत नव्हतं. आता जे काही कळायचं ते तिच्या तोंडावरून कळणार होतं.

लेकीने झाकण काढलं. स्वेटर उचलला, घडी तशीच ठेवून त्यात तोंड घातलं, आणि बराच वेळ वर काढलं नाही.

"आहे, बाबा," ती म्हणाली. "आईचा आहे."

काकांचा जीव भांड्यात पडला. ती गेल्यावर त्यांनी पुष्कळ विचार केला. लोकर चिवट असते. मुलांच्या शर्टावरचे शाईचे डाग नाही का दहा धुण्यांत टिकून राहत? वीस वर्षं अंगात मुरलेलं, ते एका धुण्याने जाईल कसं? आणि लेकीचं नाक धडधाकट होतं. तिने स्वतः सांगितलं होतं. धुतल्याचं आता तिला सांगायची गरजही नव्हती. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, काकांनी तर त्या काडीवर घर बांधलं.

त्या दिवसापासून ते गोळी अशी घेत की जणू डब्याची किल्लीच गिळताहेत. एक दिवस चुकली नाही. महिन्याभरात मफलर सुटला. आवाज मोकळा झाला. जिना एका दमात चढता येऊ लागला, शिपाई म्हणाला, काका, लग्न ठरलं की काय? लेक पुन्हा दर रविवारी येऊ लागली. ती विचारायची, आला का वास? अजून नाही, काका म्हणत. डबा ते उघडत नसत. आपल्याला येत नसताना कण उगाच हवेत कशाला सोडायचे? पुन्हा नेम धरला होता त्यांनी.

पाचव्या महिन्यात एकदा प्रयोगशाळेचं कपाट आवरताना त्यांच्या हाती लवंगेची जुनी बाटली लागली. त्यांनी कापूस काढला, आणि तिथेच, दोन कपाटांच्या मधे, बाटली पुन्हा नाकाशी नेली. लवंग होती. पुसट, दुरून आल्यासारखी, पण लवंगच. त्यांनी धडपडत कॉफीची बाटली शोधली. ती कॉफी होती. साबणाची उघडली, तो साबण होता. त्यांनी तिन्ही फिरवल्या, डोळे मिटले, पुन्हा ओळखल्या. एकही चुकली नाही. बाईंना सांगायलाही थांबले नाहीत, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि घर गाठलं.

पण घरी येऊन त्यांनी डबा उघडला नाही. रविवारची वाट पाहिली. या वेळी लेक सोबत हवी, एक नाही, हवे तेवढे श्वास तिला घेऊ द्यायचे, असं त्यांनी ठरवलं होतं.

रविवारी लेक आली. काकांनी दाढी केली होती, खिडकी लावून घेतली होती. सगळं सांगून त्यांनी तिला समोर बसवलं. ती एकदम म्हणाली की आज नको, आधी चहा घेऊ. काका म्हणाले, चहा काय, चहा रोजचाच. तिने डब्यावर हात ठेवला. मग तो काढून घेतला.

काकांनी झाकण उघडलं, स्वेटर दोन्ही हातांनी उचलला, डोळे मिटले आणि पहिला श्वास घेतला.

नाक आता चांगलं काम करत होतं. त्यांनी दुसराही घेतला. बाटल्या ओळखाव्यात तसं त्यांनी त्याला ओळखलं, शंका घ्यायला जागाच नव्हती.

"साबण आहे," ते म्हणाले.

काकांनी डोळे उघडले तर लेक रडत होती.

"मी धुतला होता गं. तुझ्यावरच्या रागाने."

"माहीत आहे, बाबा. मला त्या दिवशीच आला होता साबणाचा वास."

"मग आहे का म्हणालीस?"

"तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होतात," ती म्हणाली.

काका स्वेटर मांडीवर घेऊन बसून राहिले. मग त्यांनी तो लेकीला दिला, म्हणाले घाल, तुझ्या वाढदिवसाला घातलास तसा. तिने तो अंगात घातला आणि आईच्या मशीनपाशी जाऊन बसली. काकांनी बंद केलेली खिडकी उघडली. डब्याचं झाकण तसंच जमिनीवर पडलं होतं, आणि ते उचलून लावायची दोघांपैकी कुणालाही आता घाई नव्हती.